कुलाबा किल्ला एका दिवसात: ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्यांसाठी, तिथीपासून परतीपर्यंत

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासाठी ठाण्याहून, ऐरोलीहून, नेरूळहून दर रविवारी गाड्या निघतात. त्यातले बरेच जण किल्ल्यासमोरच्या वाळूत उभं राहून फोटो काढतात आणि परत येतात. दिवस ठरतो सुट्टी बघून, निघायची वेळ ठरते झोप बघून, आणि भरती-ओहोटी आठवते ती किनाऱ्यावर पोचल्यावर. हा किल्ला ओहोटीत चालत किंवा टांग्याने जाण्याचा आहे. त्यामुळे पाण्याची वेळ आधी आणि बाकी सगळं त्यानंतर, असाच बेत आखावा लागतो. जून ते सप्टेंबर हा बेत करूच नका. खाली लिहिलेलं सगळं ऑक्टोबर ते मे या काळासाठी आहे.

टप्पा १: तारीख ठरवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक जवळपास सहा तासांचा होतो. म्हणजे ऑफिसातलं कुणी मागच्या रविवारी सकाळी दहाला कोरड्या पायांनी किल्ल्यात जाऊन आलं असेल, तर या रविवारी सकाळी दहाला तिथे भरती असणार. ‘तो गेला होता, रस्ता मोकळा होता’ हे ऐकून निघणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे.

कोकणात वापरलं जाणारं जुनं गणित अजूनही कामाचं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनच्या सुमारास. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे आणि सहा तास पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमारास. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सुट्टीचा अर्ज टाकण्यापूर्वी दिवस निवडायला तो पुरतो.

आता तिथीनुसार दिवस कसे पडतात ते बघा.

पौर्णिमा, अमावास्या आणि त्यापुढची प्रतिपदा: उधाणाचे दिवस. पाणी खूप आत जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते. एका वेळी किल्ला उघडलेला नसतो, दुसऱ्या वेळी परतताना अंधार होतो. हे दिवस सोडा.

तृतीया ते पंचमी: सगळ्यात चांगले. उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो, त्यामुळे पाणी भरपूर ओसरतं, आणि ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. अट एकच, पहाटे निघायची तयारी हवी. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, त्यामुळे चतुर्थीला दर्शन आणि सोयीची ओहोटी एकाच सकाळी जमतं. त्या दिवशी गर्दी धरूनच चला.

अष्टमी ते दशमी: हा खरा सापळा. ओहोटी दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान दिसते. आरामात नाश्ता करून निघा, अशी वेळ. पण हे भांगाचे दिवस. भरती फार चढत नाही तशी ओहोटीही फार उतरत नाही. मोबाइलवर ‘लो टाइड १२.३०’ बघून माणूस जातो आणि समोर मांडीपर्यंत पाणी तसंच असतं.

द्वादशी आणि त्रयोदशी: पहाटे उठणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी. ओहोटी तीन ते पावणेचारच्या सुमारास असते आणि पाणीही बऱ्यापैकी उतरतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी हेच दिवस सुचवतो.

तिथीवरून दिवस निवडला की भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकी वेळ बघा. तिथे वेळेच्या बाजूला मीटरमध्ये एक आकडा असतो. बहुतेक जण तो वाचतच नाहीत, आणि खरा निर्णय त्याच्यावर असतो. मुंबईच्या तक्त्यात उधाणाची ओहोटी सरासरी पाऊण मीटरच्या आसपास असते, भांगाची १.९ मीटरच्या जवळ. माझा ठोकताळा असा: आकडा १ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर खुशाल चालत जा, १ ते १.५ असेल तर टांग्याचा विचार करा, १.५च्या वर असेल तर दुसरा दिवस बघा.

सावधान: एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक चांगली खाली गेलेली आणि दुसरी अर्धवट, असं आपल्याकडे नेहमी होतं. तुम्ही जाणार आहात त्याच ओहोटीचा आकडा वाचा.

तपासा: तक्त्यात ठिकाण ‘मुंबई, अपोलो बंदर’ किंवा ‘अलिबाग’ आहे ना? घरी बसून मोबाइल उघडला की तो आपोआप ठाणे किंवा वाशी पकडतो. खाडीच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटी उशिरा पोचते. कळव्याच्या पुलाखालचं पाणी बघून अलिबागचा अंदाज बांधता येत नाही.

टप्पा २: उलटं वेळापत्रक

एक गोष्ट वहीत वर लिहून ठेवा: तक्त्यातली ओहोटीची वेळ ही किल्ल्यातून परत फिरायची वेळ आहे. निघायची नाही.

नऊची ओहोटी म्हणजे नऊला पाण्यात पाय टाकायचा, अशी सर्रास समजूत असते. पाणी चढतं कसं ते बघितलं की यातला धोका कळतो. सहा तासांच्या चढाचे बारा हिस्से करा. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरतीमध्ये साधारण साडेतीन मीटरचा फरक असतो. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर वाढतं आणि ‘अजून काही आलं नाही’ असं वाटतं. पुढच्या तासात आणखी दोन फूट. तिसऱ्या तासात एकदम तीन फूट. वाट वाळूची आणि खडकांची आहे, तिचे काही भाग उंच आहेत, त्यामुळे ती सगळी एकदम बुडत नाही. आधी मधले सखल पट्टे भरतात आणि माणूस दोन्हीकडून अडकतो.

नऊच्या ओहोटीचं वेळापत्रक असं होईल: साडेसात-पावणेआठला अलिबागच्या किनाऱ्यावर. आठच्या आत वाळूतून चालायला सुरुवात. सव्वाआठ-साडेआठला किल्ल्याच्या दारात. सव्वानऊला किल्ल्यातून बाहेर, काहीही झालं तरी. पावणेदहाला पुन्हा किनाऱ्यावर आणि नाश्ता.

तपासा: परतीच्या वेळेचा गजर मोबाइलमध्ये लावा. एकट्याच्या नाही, बरोबरच्या दोघा-तिघांच्या. तटावर फोटो काढताना घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नसतं.

टप्पा ३: अलिबागपर्यंत पोचणं

स्वतःच्या गाडीने ठाण्याहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर, वाशी-नेरूळहून त्याहून थोडं कमी. ठाणे-बेलापूर रस्त्याने सायन-पनवेल महामार्ग गाठायचा, पुढे पळस्पे फाटा, कर्नाळा, पेण, वडखळ. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागच्या रस्त्याला लागायचं, मग धरमतरचा पूल, पोयनाड, कार्लेखिंड आणि अलिबाग. पहाटे रस्ता रिकामा असतो तेव्हा अडीच तास धरा. शनिवारी सकाळी सातनंतर निघणार असाल तर साडेतीनही कमी पडू शकतात, कारण पेण ते वडखळ हा पट्टा कधी तुंबेल याचा नेम नाही. नऊच्या ओहोटीसाठी ठाणेकरांनी पहाटे साडेचारला गाडी सुरू केलेली असावी. नवी मुंबईकरांना पाच चालतील.

एसटीने जायचं तर ठाण्याहून अलिबागच्या गाड्या आहेत. वेळ जुळली नाही तर पनवेल स्थानक गाठा, तिथून जास्त गाड्या मिळतात. दिवा-रोहा मेमू पेणला थांबते, पुढचे तीस किलोमीटर एसटीने किंवा विक्रमने, म्हणजे मोठ्या शेअर रिक्षाने. सकाळच्या ओहोटीला मात्र हे काही जमत नाही. सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांनी द्वादशी-त्रयोदशी निवडावी किंवा आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक वाट आहे, आणि गाडी चालवायचा कंटाळा असेल तर मला तीच जास्त आवडते. नेरूळ किंवा बेलापूरहून लोकलने उरण (२०२४च्या जानेवारीपासून लोकल थेट तिथवर जाते), रिक्षाने करंजा, तिथून लाँचने खाडी ओलांडून रेवस, आणि रेवसहून एसटी किंवा विक्रमने अलिबाग. मोठ्या सुकतीला, म्हणजे पाणी फार ओसरतं तेव्हा, रेवसच्या बाजूला गाळामुळे खोळंबा होऊ शकतो, म्हणून ही वाट दुपारच्या ओहोटीच्या दिवशीच धरा. तेव्हा सकाळी खाडीत पाणी असतं. परतीची शेवटची लाँच कितीला आहे हे जाताना धक्क्यावर विचारून घ्या.

गेटवेहून मांडव्याला बोटीने जाता येतं आणि भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोनेही. पण ठाण्याहून आधी दक्षिण मुंबई गाठायची आणि मग समुद्र ओलांडायचा, यात वेळ वाचत नाही. बोटीची हौस असेल तरच.

टप्पा ४: बरोबर काय घ्यायचं

मागे पट्टा असलेल्या, भिजल्या तरी चालतील अशा सँडल. चप्पल चिखलात रुतून बसते आणि पट्टा तुटतो. अनवाणी तर जाऊच नका. किल्ल्याजवळच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते, आणि कापलेल्या जखमेत खारं पाणी गेलं की पुढचा दिवस लंगडण्यात जातो. जीन्स नको, गुडघ्यावर दुमडता येईल असं काहीतरी घाला. मोबाइल आणि गाडीची चावी प्लास्टिकच्या पिशवीत. गाड्यांच्या हल्लीच्या चाव्यांना पाणी लागलं तर अलिबागच्या वाळूत उभं राहून मदत शोधत बसावं लागतं.

माणशी एक लिटर पाणी, टोपी, थोडा खाऊ. किल्ल्यात हॉटेल नाही. स्टोव्ह, डबे, सतरंजी घेऊन सहलीला जाऊ नका. सव्वा तासाच्या कामाला एवढं सामान नेलं की परत निघायला उशीर होतो, तो पसारा आवरण्यात.

टप्पा ५: किनाऱ्यावर, पाय टाकण्यापूर्वी

किनाऱ्यावर पोचलात की लगेच निघू नका. पाच मिनिटं उभं राहून तीन गोष्टी बघा.

पहिली, ओली वाळू. पाण्याच्या कडेपासून वर ओल्या वाळूचा चकचकीत पट्टा असेल तर पाणी उतरतं आहे. लाटा कोरड्या वाळूला भिजवत असतील तर पाणी चढतं आहे. तक्ता काहीही सांगो, मग थांबा. दुसरी, माणसं. लोक जाताहेत की परतताहेत? सगळे परतत असतील तर तुम्हीच उलट्या दिशेला निघालेले शहाणे असण्याची शक्यता कमी. तिसरी, टांगे. टांगेवाल्याला विचारा, “दादा, अजून किती वेळ गाडी जाईल?” त्याचं पोट या पाण्यावर आहे, त्याचा अंदाज तुमच्या मोबाइलपेक्षा बरा. त्याने “आता नको” म्हटलं तर दुसऱ्या टांगेवाल्याला विचारायला जाऊ नका.

टांगा करणार असाल तर दर चढण्यापूर्वी ठरवा, आणि तो दर जाऊन-येऊन आहे की एका बाजूचा, हेही. किल्ल्यात किती वेळ थांबेल आणि परतीला तोच टांगा येणार की दुसरा, हेही विचारा. यावरून होणारे वाद किल्ल्याच्या दारात होतात आणि त्यात पाण्याची वेळ जाते.

चालत जाताना किल्ल्याच्या दिशेने सरळ नाकासमोर निघू नका. टांग्याच्या चाकांच्या खुणा धरा, ती घट्ट वाळूची वाट असते. किल्ल्याजवळ खडक लागले की हिरवी शेवाळ टाळून करड्या, खडबडीत दगडावर पाय ठेवा. सगळ्यात जास्त घसरणं शेवटच्या शंभर पावलांत होतं, कारण तोवर नजर दरवाजावर गेलेली असते.

सावधान: पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि बरोबर मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर परत फिरा.

भरतीच्या वेळी होडीने जाण्याची सोय असते. होडीने जाणार असाल तर लाइफ जॅकेट नुसतं घेऊन बसू नका, अंगात घाला. आणि हेही लक्षात घ्या, भरतीला गेलात तर परतही होडीनेच यायचं आहे.

टप्पा ६: किल्ल्याच्या आत

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आत जायला तिकीट लागतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. सुट्टे पैसे आणि मोबाइलने पैसे देण्याची सोय, दोन्ही ठेवा. समुद्रात रेंजचा भरवसा नसतो.

बहुतेक लोक दारातून सरळ देवळाकडे जातात, तिथे रेंगाळतात आणि मग तट बघायला वेळ उरत नाही. क्रम बदला. महादरवाजातून आत आलात की आधी तटावर चढा आणि उत्तरेकडे चला. तिथे चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ हे साल आणि यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव वाचता येतं. त्याच बाजूला समोर सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला दिसतो. आधी वर जाण्याचं दुसरं कारण असं की तटावरून पाण्याची आणि परतीच्या वाटेची खबर मिळते.

कुलाब्याच्या तटाचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून निचरून जातं म्हणून तो टिकला. पण त्याच फटींत पाय अडकतो. तटाच्या कडेला बसून फोटो काढण्याचा मोह आवरा.

मग खाली उतरून सिद्धिविनायकाचं देऊळ, त्याच्या जवळची पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी कसं, हे मुलांना विहिरीपाशी उभं करून दाखवण्यासारखं आहे. वाकून बघताना मुलाचा हात धरा. सगळं मिळून पाऊण तासात नीट बघून होतं.

सर्जेकोटाकडे खडकांतून चालत जाण्याचा विचार पहिल्या खेपेला करू नका. त्या बाजूचे खडक निसरडे आहेत आणि तुमचा राखीव वेळ त्यातच संपतो.

तपासा: गजर वाजला? मग “एक शेवटचा फोटो” नाही.

टप्पा ७: उरलेला दिवस

कुलाबा सोडला तर आसपासची बाकी ठिकाणं पाण्याच्या वेळेला बांधलेली नाहीत. म्हणून ती किल्ल्याच्या आधी बसवायची की नंतर, एवढंच ठरवायचं.

ओहोटी सकाळची असेल तर किल्ल्यानंतर नाश्ता करून गावातच कान्होजी आंग्र्यांची समाधी बघा आणि हिराकोट बाहेरून. मग दक्षिणेकडे निघा. आक्षीला रस्त्यालगत जुना मराठी शिलालेख आहे, त्यावरचं शके ९३४ हे वाचन अनेक अभ्यासक मान्य करतात. पुढे नागाव, चौल आणि रेवदंडा. चौलचं रामेश्वर मंदिर सावलीचं आहे, दुपारी तिथे थांबायला बरं. रेवदंड्यात रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. तिथला सातखणी मनोरा पडका आहे, त्याच्या खाली उभे राहू नका. अंगात दम असेल तर साळावचा पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला. नसेल तर रेवदंड्यातच मासळीची थाळी आणि परत.

ओहोटी दुपारची असेल तर हेच उलट्या क्रमाने: आधी रेवदंडा, मग चौल, आक्षी, जेवण, दीडपर्यंत अलिबाग आणि मग किल्ला. मात्र जेवणाची ऑर्डर बाराच्या आत द्या. शनिवार-रविवारी खानावळीत ताट यायला तास लागतो आणि तो तास किल्ल्याच्या वाट्यातून जातो.

डोंगरावरचं कनकेश्वराचं देऊळ याच दिवसात कोंबू नका. सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि वाळूत चालून आलेल्या पायांना त्या दुपारी नकोशा होतात.

जंजिरा तर नाहीच. ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून मुरुडला निघणारे बरेच असतात. अलिबागपासून ते साधारण पन्नास किलोमीटर पुढे आहे, रस्ता गावागावांतून वळणाचा, आणि राजपुरीला होडीच्या रांगेत उभं राहावं लागतं ते वेगळंच. दोन्ही किल्ले एका दिवसात म्हणजे दोन्ही अर्धवट.

परतीला दुपारी तीनच्या आत अलिबाग सोडता आलं तर वडखळ मोकळं मिळतं. ते जमणार नसेल, म्हणजे दुपारच्या ओहोटीचा दिवस असेल, तर घाई करू नका. जेवून आठनंतर निघा. पाच ते आठ हा वेळ रस्त्यावर घालवण्यापेक्षा वरसोलीच्या किनाऱ्यावर बरा. फेब्रुवारी ते मेमध्ये रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळी मिळतात, पेणला पोह्याचे पापड. दोन्ही परतताना घ्या, नाहीतर दिवसभर बंद गाडीत कांदा राहतो आणि ठाण्यापर्यंत काचा खाली ठेवाव्या लागतात.

ओहोटी हुकली तर

टायर पंक्चर झाला, पेणला अडकलात, किनाऱ्यावर पोचलात तेव्हा ओहोटीची वेळ होऊन गेली. टांगे अजून जात असतील आणि टांगेवाला परत आणायला कबूल असेल तर टांग्याने जाऊन दरवाजापर्यंतच बघून या. ओहोटीला तासाहून जास्त होऊन गेला असेल तर तेही नको. सरळ कोर्लईला जा. तिथे तट आहे, दीपगृह आहे, दोन्ही बाजूंना पाणी आहे, आणि भरतीचा अडसर नाही. कुलाब्यासाठी कॅलेंडरात पंधरा दिवस पुढे जा. तीच तिथी दुसऱ्या पक्षात येते आणि तिच्याबरोबर ओहोटीही जवळपास त्याच वेळेला.